कोपऱ्यापासून चार बोटं

परवा दुपारी पुन्हा एक पत्रिका फोनवर येऊन पडली. उघडली तर आधी पाकळ्या गळाल्या, मग सनई सुरू झाली, मग सोनेरी अक्षरं गिरक्या घेत आली आणि नवरामुलगा कुठला हे वाचायच्या आत निघूनही गेली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. एप्रिल लागला की कोल्हापुरात हे असंच असतं. गल्लीच्या तोंडाला मांडव पडतो, कॉलेजात परीक्षा आणि बाहेर वरात, खिडक्या लावल्या तर उकडतं आणि उघडल्या तर बँड आत येतो. संध्याकाळी आभाळ भरून येतं आणि चार थेंब टाकून निघून जातं. लग्नसराई म्हटलं की लोकांना मोगरा आठवत असेल, जिलेबी आठवत असेल. मला दोन आकडे आठवतात, एक आडवा आणि एक उभा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडकी नेमकी कुठं उघडायची, ते सांगणारे.

हसू नका. तीन वर्षांपूर्वीची अख्खी लग्नसराई मी या आकड्यांपायी घालवली आहे.

माझे वडील, अण्णा, कुरुंदवाडच्या एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं आणि पान सुतळीनं बांधून छपाईला द्यायचं, हे त्यांचं काम. खिळे ठेवायला लाकडी खणांच्या उतरत्या पेट्या असत. प्रत्येक अक्षराला आपला खण. लहानपणी मी शाळेतून परस्पर छापखान्यात जायची आणि स्टुलावर बसून अण्णांचा हात बघायची. डोळे समोरच्या हस्तलिखितावर आणि हात आपला आपण फिरतोय. काना इथं, वेलांटी तिथं, जोडाक्षरं पार वरच्या अंगाला. बघून खिळा उचलणारा तो शिकाऊ, असं तिथं समजत. छपाई झाली की पान सोडायचं आणि प्रत्येक खिळा परत त्याच्या खणात टाकायचा. एखादा चुकीच्या खणात पडला, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात ‘शुभ’चं भलतंच काहीतरी व्हायचं आणि मालक दिवसभर तोंड सोडायचा.

माझ्या लग्नाची पत्रिका अण्णांनी अशीच जुळवली. अजून कपाटात आहे. कागदाच्या मागून बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात. माझं नाव मागच्या बाजूनं उलटं, पण बोटाला ओळखू येतं.

पुढं छापखाना बंद पडला. अण्णा पन्नाशीत कीबोर्ड शिकले आणि एका दुकानात बसून कॉम्प्युटरवर पत्रिका करू लागले. आई गेल्यावर त्यांनी कुरुंदवाडचं घर बंद केलं आणि एक ट्रंक घेऊन माझ्याकडं कोल्हापूरला आले. मी कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. बापलेक एकाच धंद्यात आलो म्हणून अण्णा खूष होते. मी मात्र मनात म्हणायची, कुठं तुमचे खिळे आणि कुठं आमचं हे.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो, कडा राहतात. इंजेक्शनांनी थोडं थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एस.टी.त बसल्यावर मला त्यांच्या भाषेत सांगितलं.

“मधी भोक पडलंय, अक्का. कडंचं हाय अजून.”

मी थोरली, म्हणून घरात मला सगळेच अक्का म्हणतात, अण्णासुद्धा.

या दुखण्याचा दुष्टपणा असा की, ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं दिसत नाही. माझा चेहरा बघायचा तर अण्णांना मान वळवून भिंतीकडं बघावं लागायचं, मग कडेनं मी थोडीशी दिसायची. आलेल्या माणसांना वाटायचं, म्हातारा रागावलाय. आमचे हे खुलासा करून करून दमले. मी तर एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडले. आपण समोर उभं राहावं आणि आपल्या बापानं आपल्याला बघण्यासाठी दुसरीकडं तोंड फिरवावं, याची सवय होत नाही.

त्याच वर्षी माझ्या सायलीचं लग्न ठरलं. स्थळ गारगोटीचं. सुपारी फुटली त्या संध्याकाळी अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, “पत्रिका मी जुळवणार. ही शेवटची. मग जाऊ देत डोळं खुशाल.”

सायली त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांनी भिंतीकडं मान वळवली.

कॉम्प्युटर होता तो आमच्या लॅबमधून मोडीत काढलेला. त्याच्यावर आजकालची कुठलीही व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून मी लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था घातली आणि त्यातही सगळ्यात हलका विंडो मॅनेजर घेतला. हे काय असतं ते दोन मिनिटांत सांगते, वर्गात सांगते तसं. एखादा प्रोग्राम सुरू केला की तो फक्त म्हणतो, मला खिडकी पाहिजे. ती पडद्यावर कुठं ठेवायची, हे ठरवणारा कारभारी वेगळा. मोठ्या व्यवस्थांमधला कारभारी ऐटबाज असतो, झुलत्या खिडक्या, सावल्या, नाना कौतुकं. हलका कारभारी गरीब. त्याच्या ठरलेल्या दोनचार रिती. जिथं जास्तीत जास्त मोकळी जागा दिसेल तिथं खिडकी ठेवायची, ही एक. आधीच्या खिडकीच्या जरा खाली, जरा उजवीकडं सरकवून ठेवायची, मांडणीवर ताटं तिरकी लावतो तशी, ही दुसरी. नाहीतर माऊसचा बाण असेल तिथं, नाहीतर सरळ मधोमध. काल कुठं ठेवली होती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खिडकी मिटली की त्याच्या लेखी विषय संपला.

पहिल्या दिवशी मी मोकळ्या जागेची रीत लावून दिली. शहाणी रीत म्हणतात तिला. अण्णांनी सकाळी प्रोग्राम उघडला तो डावीकडं उघडला. दुपारी दुसरी एक खिडकी आधीच उघडी होती, म्हणून तोच प्रोग्राम उजवीकडं उघडला. अण्णा बाण घेऊन डावीकडं चाचपडत बसले. पाच मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली.

“अक्का, ह्येच्यात खण न्हाईत काय?”

इतकी वर्षं मी हा विषय शिकवते आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

खण करता येतात. या गरीब कारभाऱ्याचा एक गुण असा की, त्याला साध्या मजकुराच्या फायलीत लिहून दिलं की तो शब्द पाळतो. अमुक नावाची खिडकी, डाव्या कडेपासून इतकी, वरच्या कडेपासून इतकी. बस. मी अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि आम्ही बापलेकीनं पडद्याचे खण पाडायला घेतले. बाहेर वराती जात होत्या, आत आम्ही आकडे लिहीत होतो. “मधी काय ठेवू नको,” हे त्यांचं एकच मागणं. मधलं जग त्यांनी सोडूनच दिलं होतं. मजकुराची खिडकी डाव्या कडेला चिकटून. अक्षरांची यादी उजवीकडं वर. आणि काम मिटताना ‘जतन करायचं का’ असं विचारणारी छोटी चौकट उजव्या खालच्या कोपऱ्यात. मी पट्टीनं मोजायची, ते बोटांनी. माऊस जितका सरकेल तितकाच बाण सरकावा, असंही करून दिलं. मग अण्णांनी आपली युक्ती काढली. माऊस खाली उजवीकडं लोटत न्यायचा, बाण पडद्याच्या कोपऱ्याला टेकून थांबतो. तिथून चार बोटं मागं यायचं आणि दाबायचं. तिथं ‘हो’चं बटण.

दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. अकराव्या वेळी त्यांनी डोळे मिटून केलं. माझ्या बापाला हसताना मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते.

सगळ्या खिडक्या मात्र ऐकत नसत. एखादा प्रोग्राम स्वतःच सांगतो, मी इथंच बसणार. पाहुण्यानं आपणहून खुर्ची ओढून घेतली तर यजमान काय करणार, तसा हा कारभारी गप्प बसतो. अशी एक खिडकी होती. मध्येच काही बिघडलं तर तुमचं जुनं काम परत देऊ का, असं विचारणारी. ती कितीही सांगितलं तरी मधोमध उगवायची आणि अण्णा तिथंच अडकायचे. शेवटी वैतागून मी ती सोयच बंद करून टाकली. मधूनमधून आपोआप काम राखून ठेवायची सोय त्याच्याबरोबर गेली. म्हटलं, गेली तर गेली.

अण्णा दुपारी दोनला बसायचे ते ऊन कलेपर्यंत. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवण आणि पाणी, त्यामुळं साडेपाचला उठायचेच. काम चाललेलं असताना पाठीमागं उभं राहायचं नाही, हा छापखान्यातला नियम त्यांनी माझ्या घरातही आणला होता. अक्षरं इतकी मोठी केलेली की पडद्यावर एका वेळी चारच मावायची. त्यातलं प्रत्येक अक्षर मान तिरकी करून कडेनं बघायचं. पत्रिका म्हणजे नुसता मुहूर्त आणि पत्ता थोडाच असतो? कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुठल्या आत्याला विसरलं तर ती पुढची वीस वर्षं बोलणार नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वर कडेनं वेलबुट्टीसुद्धा ते एकेक चिन्ह लावून करत होते. अकरा दिवस असेच गेले. मला काही दाखवलं नाही.

आणि अकरा दिवसांत त्यांनी एकदाही काम जतन केलं नाही. मला माहीत नव्हतं. का केलं नाही, ते कुठलाही जुना जुळारी सांगेल. पान पुरं झाल्याशिवाय बांधत नाहीत. मुद्रितं तपासून, चुका काढून, शेवटचा खिळा बसला की मगच सुतळी. तोवर पान तसंच उघडं, झाकून ठेवायचं. मी मशीन झोपवून ठेवायला शिकवलं होतं, यूपीएस दिला होता. रोज संध्याकाळी ते पान झाकायचे, दुसऱ्या दिवशी उघडायचे.

आता माझं शहाणपण ऐका. बाराव्या दिवशी सकाळपासून दिवसभर माझी पर्यवेक्षणाची पाळी होती. आदल्या दिवशी एका सहकाऱ्याकडून मोठा पडदा मिळाला होता, जुन्याच्या दीडपट. मनात आलं, अण्णांना केवढं सुख होईल. निघायच्या घाईत जोडला. जोडला आणि चाचणीचं एक पान उघडून मिटून बघितलं, तर कोपऱ्यातली चौकट कोपऱ्यात राहिलीच नव्हती. आकडे तेच, पडदा मोठा, त्यामुळं ती धड ना मध्ये ना कडेला, अशी लोंबकळत होती. नव्यानं मोजायला वेळ नव्हता. मी फायलीत एक ओळ बदलली. सगळ्या विचारणाऱ्या चौकटी मधोमध. मोठा पडदा, मधोमध, कुणालाही दिसेल.

कुणालाही. वर्गात मी दरवर्षी ओरडून सांगते, वापरणारा माणूस कोण आहे ते आधी विचारा.

अण्णा आंघोळीला गेले होते. संध्याकाळी सांगू, म्हटलं. आणखी एक कबूल करते. त्यांच्या खिडकीच्या पट्टीवर ‘अनटायटल्ड’ लिहिलेलं होतं. म्हणजे या कामाला अजून नावसुद्धा दिलेलं नाही, ते कुठंही उतरलेलं नाही. मी ते वाचलं होतं. वाचलं, आणि चपला घातल्या.

घरी आले तेव्हा सहा वाजून गेले होते. अण्णा काळ्या पडद्यासमोर बसलेले, दोन्ही हात मांडीवर. टेबलावर त्यांचं ताट झाकलेलं. मी जेवला का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “अडकलं हुतं गं. बंद केलं.”

मग हळूहळू कळलं. चार वाजता पान पुरं झालं. दोनदा वाचलं. चूक नव्हती. मिटायला घेतलं, माऊस कोपऱ्याला नेला, चार बोटं मागं आले आणि दाबलं. काही झालं नाही. पुन्हा नेला, पुन्हा दाबलं. चौकट मधोमध उभी राहून विचारत होती, आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत प्रोग्राम दुसऱ्या कशालाच दाद देणार नव्हता. अण्णा तिच्याकडं सरळ बघत होते. तासभर बघत होते. मला फोन का केला नाही, तर तू परीक्षेत असशील. मग अडकलं तर मशीनचं बटण दाबून धरायचं, असं मी शिकवलं होतं, ते त्यांनी केलं.

मी मशीन सुरू केलं. जिथं जिथं शोधायचं तिथं शोधलं, विद्यार्थ्यांना शिकवते ती एकेक जागा. काही नव्हतं. बारा दिवसांतलं एक अक्षर नव्हतं. मी अण्णांना सगळं सांगून टाकलं, पडदा, ओळ, बंद केलेली सोय, वाचलेली पट्टी. त्यांनी भिंतीकडं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“पान झालं की खिळं सोडायचंच असत्यात, अक्का,” ते म्हणाले. “हे छापायच्या आधी सुटलं, एवढंच.”

त्यांनी रागवायला पाहिजे होतं. छापखान्याच्या मालकासारखं तोंड सोडलं असतं, तर मला त्या दिवशी झोप लागली असती. दिवस मावळला होता, त्यामुळं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

जुना पडदा मी तेव्हाच परत लावला. ओळ बदलली, आकडे होते तसे केले, दहा वेळा तपासलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता खुर्ची ओढून दिली. अण्णा म्हणाले, उद्या बघू. तिसऱ्या दिवशीही उद्या. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाईप करते. त्यांनी मुहूर्त सांगितला, पत्ता सांगितला, चार नावं सांगितली आणि थांबले. बाकीचं काय, असं विचारलं तर म्हणाले, “बाकीचं हातात हुतं.”

पत्रिका शेवटी बाजारातून करून आणली. गुळगुळीत, मधोमध गणपती. अण्णांनी हातात घेऊन मागून बोट फिरवलं. मागं काही लागत नाही आताच्या छपाईत. चांगली झाली, म्हणाले.

सायलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये अण्णा प्रत्येक फोटोत भलतीकडं बघताहेत. फोटोग्राफर सारखा ओरडत होता, आजोबा, इकडं बघा की. सायलीच्या डोक्यावर हात ठेवलाय आणि बघताहेत मांडवाच्या खांबाकडं. लोक अल्बम चाळताना हसतात. प्रत्येक फोटोत ते तिच्याकडंच बघत होते.

तो कॉम्प्युटर अजून कोपऱ्यात आहे. नवीन काही घालत नाही त्याच्यात, घातलं तर आकडे हलतील. कधी रविवारी सुरू करते. मजकुराची खिडकी डाव्या कडेला चिकटून उघडते, मिटायला गेलं की चौकट उजव्या कोपऱ्यात येते. कारभाऱ्याच्या शब्दाला अजून फरक पडलेला नाही. अण्णा एकदाही बसले नाहीत. हल्ली त्यांना कडेचंही धूसर दिसतं. आता मी घराचे खण पाडले आहेत. चष्मा खिडकीच्या फळीवर डावीकडं, गोळ्यांची डबी रेडिओजवळ, पाण्याचा पेला जेवणाच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यापासून चार बोटं आत. मोलकरणीला सांगितलंय, ह्यांना सांगितलंय, काहीही इकडचं तिकडं करायचं नाही. त्या सकाळी चपला घालायच्या आधी दोन मिनिटं थांबले असते, तर यातलं काय वेगळं झालं असतं, हे मी स्वतःला विचारत बसते. डोळे गेलेच असते. पत्रिका राहिली असती.

काल सायली आली होती चार दिवसांसाठी. फोनवरची ती पत्रिका मी तिला दाखवत होते, सनई ऐकून अण्णाही टेबलाशी येऊन बसले. कुणाची, कुठली, विचारू लागले. बोलता बोलता सायलीनं पेला उचलला आणि टेबलाच्या मध्यावर ठेवला. कडेला आहे, आजोबांचा धक्का लागून पडेल म्हणून. माझं लक्ष फोनमध्ये. वर बघितलं तेव्हा अण्णांचा हात कोपऱ्याशी पोचला होता. लाकडाची कड लागली, चार बोटं आत आला आणि तिथं रिकामाच मिटला. मग तो हात त्यांनी सावकाश मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. पाणी कुठं आहे, असं विचारलं नाही.

मी उठून पेला सरकवला, बोटांनी मोजून, होता तिथं.

“अण्णा, पाणी आहे जागेवर.”

“असू दे,” ते म्हणाले. “तहान न्हवती एवढी.”

सायली गारगोटीचं काहीबाही सांगत होती. अण्णा भिंतीकडं मान वळवून तिचं ऐकत होते. दिवस मावळल्यावर मी टेबल पुसायला घेतलं, तेव्हा पेला भरलेलाच होता.